बोंडात बी निघालं, तर आधी ते बी नीट बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर उजाडला की दक्षिण ओंटारियोतल्या मराठी मंडळींत दोन विषय निघतात. यंदा दिवाळीचा फराळ कुणाकडे, हा पहिला. दुसरा जरा आवाज खाली आणून: "परसातल्या गांजाच्या बोंडांत बिया निघाल्या हो, काय झालं असेल?" बोंड म्हणजे इथे मादी झाडाच्या फुलांचा घट्ट तुरा. आपल्या दैनिकाचे वाचक इथेही बरेच आहेत आणि या दुसऱ्या प्रश्नावर मराठीत धड काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

आधी कायद्याचं, कारण ते अर्धवट माहीत असणं महागात पडतं. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना घरी गांजाची चार झाडं लावता येतात. चार ही मर्यादा घरामागे आहे, माणसामागे नाही. घरात पाच प्रौढ असले तरी झाडं चारच. क्वेबेकमध्ये एकही लावता येत नाही आणि तिथली बंदी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढाला तीन झाडांची मुभा आहे. भारतात मात्र १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्याशिवाय हे झाड लावणंच गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तेव्हा पुढचं सगळं, जिथे परवानगी आहे तिथल्या लोकांसाठी आहे. पुण्यातल्या गच्चीवर प्रयोग करू पाहणाऱ्यांनी इथेच थांबून पुढच्या पत्राकडे वळावं.

बिया निघाल्या की पहिली शिवी बी विकणाऱ्याला बसते. "फेमिनाइज्ड, म्हणजे फक्त मादी झाडं देणारं बी, म्हणून पैसे घेतले आणि नर खपवला." कधी कधी तसं होतंही. पण पुष्कळदा परसात एकही नर झाड नसतं आणि तरी बिया धरतात. दोष कुठे आहे हे त्या बियाच सांगतात: त्या किती आहेत, झाडाच्या कोणत्या भागात आहेत आणि किती पिकल्या आहेत. या तीन गोष्टी न बघता बोंडं चुरून डब्यात भरली की पुरावा गेला. मग पुढच्या वर्षी तेच.

झाडाची जात समजून घेतली तर हे सोपं आहे. कर्टुल्याचा वेल लावलेल्याला माहीत असतं की नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, आणि नुसत्या मादीला कर्टुली लागत नाहीत. कोकणात जायफळाचं तेच. रोप लावून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि शेवटी तो नर निघायचा. गांजाचं झाडही असंच, नर वेगळा नि मादी वेगळी. फरक एवढाच की कर्टुल्यात आणि जायफळात आपल्याला फळ हवं असतं, म्हणून नर जपायचा. इथे फळ नको असतं. परागकण न मिळालेली मादी आठवडेच्या आठवडे फुलत राहते आणि तिच्या बोंडांवर राळ साठत जाते. पराग मिळाला की तिची ताकद बियांकडे वळते, नवी फुलं थांबतात, राळ नि वास उतरतो. पराग वाऱ्याने जातो. मधमाशी लागत नाही, त्यामुळे मच्छरदाणी लावून काही साधत नाही.

ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भारतीय हेंप ड्रग्ज आयोगाच्या अहवालात बंगालच्या नौगावमधल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, लागवडीचं सविस्तर वर्णन आहे. तिथे नर झाडं ओळखून काढायला खास जाणकार पैसे देऊन बोलावत आणि इंग्रजी कागदांत त्यांना 'गांजा डॉक्टर' म्हटलेलं आहे. नजर एवढी तयार की फूल उमलायच्या आत नर जमिनीवर आडवा. आज आपल्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे, फोनचा कॅमेरा आहे, आणि तरी बिया निघतात, कारण आपण बघायला जातो तेव्हा उशीर झालेला असतो.

तर आता बी हातात घेऊ.

सगळ्यात आधी ते बीच आहे ना, याची खात्री करा. पिकत आलेल्या मादीची हिरवी सहपत्रं, म्हणजे प्रत्येक फुलाभोवतीची इवली पानं, काही वाणांत इतकी फुगतात की आत दाणा असावा असं वाटतं. एक फुगीर सहपत्र चिमट्याने सोडवा आणि नखाने हलके दाबा. आत कडक दाणा लागला तर बी. चपटं होऊन राळ बोटाला चिकटली तर ती पोकळ पिशवी आहे, परागाचा काही संबंध नाही. एकाच जागचं बघून ठरवू नका, झाडाच्या वर-खाली दहाएक ठिकाणी दाबून बघा. पुष्कळांची घबराट इथेच संपते.

बी खरं असेल तर त्याचं वय काढा. पराग पडल्यावर दोन-तीन दिवसांत फुलाचे पांढरे केस तपकिरी होऊन आखडतात. आठवडाभरात सहपत्र फुगू लागतं. दोन-तीन आठवड्यांचं बी पांढरट किंवा हिरवट आणि मऊ असतं, दाबलं की दुधासारखं फुटतं. पूर्ण पिकायला चार ते सहा आठवडे लागतात. मग ते करडं-तपकिरी होतं, अंगावर गडद रेघा येतात, आणि बोंड हलवलं तर आपोआप गळतं. म्हणजे ५ ऑक्टोबरला झाड कापलं आणि कडक, रेघांचं बी निघालं, तर पराग ऑगस्टच्या शेवटच्या किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडला. दुधाळ बी निघालं तर सप्टेंबरच्या मध्याला किंवा त्यानंतर. मग कॅलेंडर काढा आणि त्या आठवड्यात काय घडलं ते आठवा: उष्णतेची लाट, सुट्टीवर गेल्यामुळे पाणी चुकलं, कुंडी पडली, मागच्या दाराचा दिवा बदलला.

एकाच बोंडात कडक, मऊ आणि नुकती धरलेली अशा तिन्ही वयांच्या बिया असतील तर पराग एकदा येऊन गेलेला नाही, रोज थोडा थोडा मिळतोय. अशा वेळी तो बहुधा त्याच झाडावर तयार होतोय. सगळ्या बिया एकाच वयाच्या असतील तर एखाद्या दिवशी बाहेरून लोट आला, किंवा झाडाला एकदाच मोठा धक्का बसला.

जागाही तितकीच बोलकी असते. चारही झाडांना सारख्या बिया असतील आणि वाऱ्याच्या बाजूच्या फांद्यांना जास्त असतील, तर पराग कुंपणाबाहेरून आला आहे. चार वेगवेगळ्या वाणांपैकी एकालाच बिया असतील, तर त्याच झाडावर संशय घ्या. आतल्या, खालच्या, सावलीतल्या लहान बोंडांत पाच-दहा बिया आणि वरचे मोठे तुरे साफ, हे चित्र तर नेहमीचं. खालच्या पेरांवर एखादा नरफुलांचा घोस लपून राहिला आणि कुणी पाहिला नाही, असा त्याचा अर्थ. प्रत्येक बोंडात डझनाने बिया असतील तर मात्र जवळपास पूर्ण नर झाड होतं, किंवा आपलंच एक झाड पूर्ण उभयलिंगी झालं होतं.

नर आणि मादी ओळखण्यात होणारी चूक नेहमी एकच असते. पानाच्या देठाशी, पेरावर, दोन बारीक टोकदार हिरवे काटे असतात. ती उपपर्णं, फूल नव्हे. नवशिके त्यांनाच मादीचे केस समजतात. खरी कळी त्यांच्या मागून निघते. मादीची कळी लांबट, पेअरच्या आकाराची, आणि टोकातून दोन पांढरे केस बाहेर. नराची गोल, इस्पिकाच्या पानासारखी, बारीक देठावर टांगलेली, आणि केस नाहीत. चौथ्या ते सहाव्या पेरापासून बघायला सुरुवात करा. केस दिसेपर्यंत 'मादी आहे' असं म्हणू नका आणि देठावरचा गोळा दिसेपर्यंत 'नर आहे' असंही म्हणू नका. दोन-तीन दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. नराच्या कळ्या दिसल्यापासून उमलेपर्यंत साधारण एक-दोन आठवडे मिळतात आणि नर मादीच्या थोडा आधीच फुलतो, हे लक्षात असू द्या. टोरोंटोच्या आसपास उघड्यावरच्या झाडांना ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुलोरा धरतो. म्हणजे पाहणी जुलैच्या मध्यापासून, दर दोन-तीन दिवसांनी. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर भारतात जायचं तर नेमका हाच काळ टाळलेला बरा. पण शाळांच्या सुट्ट्या ऐकतात कुणाचं?

आता उभयलिंगी झाडाबद्दल, कारण घरच्या लागवडीत खरा चोर हाच.

मादी झाड दोन तऱ्हांनी नरफुलं धरतं. एकात पेरांवर नराच्या गोळ्यांचे सरळ घोस येतात, तेही केसाळ मादीफुलांच्या शेजारी. हे दिसायला सोपं. दुसऱ्यात बोंडाच्या आतूनच पिवळे, किंचित वाकडे परागकोश बाहेर डोकावतात, दोन-चार मिलिमीटरचे, केळ्याच्या लहानशा फणीसारखे. इथले लोक त्यांना केळीच म्हणतात. यांना पाकळ्यांचं आवरण नसतं, त्यामुळे उमलायची वाट बघावी लागत नाही. दिसले म्हणजे पराग सांडायला लागलाच असं धरायचं. ब्रिटिश कोलंबियातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यावसायिक लागवडीत, मुद्दाम काही न करता, पाच ते दहा टक्के झाडांत अशी उभयलिंगी बोंडं त्यांना आढळली. परवानाधारकांच्या बंदिस्त खोल्यांत हे प्रमाण, तर आपल्या डेकवर आश्चर्य कसलं.

फेमिनाइज्ड बी म्हणजे काय, हेही इथेच समजतं. झाडात मादीपणा टिकवायला एथिलीन हे संप्रेरक लागतं. सिल्व्हर थायोसल्फेट फवारून एथिलीनचं काम अडवलं की मादीच्या अंगावर नरफुलं येतात आणि त्यांच्या परागात नराचं गुणसूत्र नसतं. त्यापासून धरलेलं बी जवळजवळ सगळं मादी निघतं. पण मादी असणं आणि मादीच राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईला थोड्याशा ताणानेही नरफुलं धरायची खोड असेल तर ती लेकीत उतरते. पानाचा तुकडा पाठवून करायच्या लिंगचाचणीचंही तसंच. नर आहे का, ते ती चाचणी रोप दोन आठवड्यांचं असतानाच सांगते, पण खोड आहे का ते सांगत नाही. गुणसूत्रांच्या हिशेबात उभयलिंगी झाड मादीच असतं.

ताणांमध्ये पहिला नंबर अंधार मोडण्याचा. झाड रात्र मोजतं. घरात टेंटमध्ये, म्हणजे दिवा लावलेल्या बंद तंबूत, बारा तास उजेड, बारा तास अंधार ठेवला आणि मध्यरात्री कुणी कपाटातून कपडे घ्यायला खोलीत येऊन दिवा लावला, असं रोज झालं, तर झाडाचा हिशेब चुकतो. एखाद्या दिवशी मिनिटभर दार उघडल्याने आभाळ कोसळत नाही. रोजची, वेळीअवेळी होणारी गळती वाईट. तपासायची रीत सोपी आहे. दुपारी खोलीतले दिवे लावा, टेंटमधला बंद करा, आत शिरा, चेन लावून घ्या आणि दहा मिनिटं बसा. डोळे सरावले की चेनीच्या शिवणीतून, नळीच्या तोंडातून उजेडाचे टाचणीएवढे ठिपके दिसतील. त्यांना काळी चिकटपट्टी. डीह्युमिडिफायरचा आणि एक्स्टेन्शन बोर्डचा लाल-हिरवा दिवाही झाका. टायमर फिरत्या चकतीचा असेल तर वीज गेल्यावर तो थांबतो आणि वीज आल्यावर तेवढाच मागे चालतो. दोन तास वीज गेली की झाडाचा दिवस दोन तास सरकला. अशा दिवशी टायमर हाताने जुळवून घ्या, नाहीतर बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा घ्या.

उघड्यावरच्या झाडाला चंद्रप्रकाशाची भीती नाही. भीती आहे ती रस्त्यावरच्या खांबाची आणि मागच्या दाराशी मांजर गेलं तरी पेटणाऱ्या दिव्याची. आणि आपल्या मंडळींसाठी खास एक: गणपती नेमके ऑगस्टअखेर-सप्टेंबरात येतात, फुलोऱ्याच्या ऐन मध्यात. डेकवर दहा दिवस रात्रभर जळणारी लाइटची माळ झाडापासून चार हातांवर असेल तर फुलोरा रेंगाळतो आणि केळी यायला निमित्त मिळतं. माळ घराच्या पुढच्या बाजूला लावा. बाप्पाला तेवढीच चालते.

दुसरा ताण उष्णतेचा. पंचवीस अंशांच्या आसपास झाड सुखात असतं. तीसच्या वर दिवसेंदिवस राहिलं, त्यातही दक्षिणेकडच्या काचेआड, तर कुरकुर सुरू होते. तिसरा मुळांचा. मे महिन्याच्या उत्तरार्धात, व्हिक्टोरिया डेच्या सुमाराला, बाहेर ठेवलेलं झाड ऑक्टोबरपर्यंत दहा लिटरच्या कुंडीत काढायचं म्हणजे ऑगस्टपासून रोज दुपारी त्याची मान टाकलेली बघायची. पंचवीस ते चाळीस लिटरची कापडी कुंडी घ्या. फुलोरा धरल्यावर कुंडी बदलू नका, फांद्या वाकवून मोडू नका, आणि 'हवा खेळावी' म्हणून निम्मी पानं ओरबाडू नका. जे काय छाटायचं ते जुलैच्या मध्याच्या आत.

चौथं कारण बाटलीतून येतं. फुलं मोठी करणारी म्हणून विकली जाणारी काही द्रावणं वाढ-संप्रेरकांची असतात आणि लेबलवर ते ठसठशीत लिहिलेलं नसतं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना 'जीए' काय करतं हे सांगायला नको. मणी लांबवायला ते घडांना देतातच. तेच जिबरेलिक आम्ल या झाडाच्या मादीवर पडलं तर नरफुलं येतात. काकडीतही त्याने नरफुलं वाढतात. घटक स्पष्ट लिहिलेले नसतील तर ती बाटली फुलोऱ्यात वापरू नका, एवढं पथ्य पुरे.

आणि पाचवं, ज्याला ताण म्हणता येणार नाही: म्हातारपण. झाड पिकून गेलं, केस तपकिरी झाले, पराग मिळालाच नाही, आणि आपण 'अजून एक आठवडा' करत राहिलो, तर शेवटी ते स्वतःच दोन-चार केळी काढतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. त्या परागाने बी पिकायला चार आठवडे लागतील आणि झाड तर चार-सहा दिवसांत कापायचं आहे.

केळी दिसल्यावर काय करायचं ते फुलोऱ्याचा कितवा आठवडा आहे यावर ठरतं. पहिल्या तीन आठवड्यांत पेरापेरांवर नराचे घोस दिसले तर झाड काढून टाका. जीव तुटतो, कबूल. पण एक झाड वाचवायच्या नादात तीन जातात. काढायचीही रीत आहे. सकाळी, वारा पडलेला असताना, पंखा बंद करून, झाडावर स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा मारा. ओला पराग निकामी होतो. मग कचऱ्याची मोठी पिशवी वरून अलगद घाला, खाली आवळा आणि त्यानंतरच खोड कापा. आधी उपटून मग परसातून ओढत नेलं तर आपण स्वतःच सगळीकडे पराग पेरला. मक्याचा संकरित बियाण्याचा प्लॉट केलेल्याला हे पटेल. मादी ओळीतला एक तुरा उपटायचा राहिला तर अख्ख्या प्लॉटवर प्रश्नचिन्ह लागतं.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात बोंडातून तुरळक केळी दिसली तर ओल्या चिमट्याने एकेक काढा, ओल्या कागदात टाका आणि दर दोन दिवसांनी पुन्हा बघा, विशेषतः खालच्या आणि आतल्या बोंडांत. दोन तपासण्यांत नवीन काही आलं नाही तर झाड ठेवा. काढावीत तितकी पुन्हा येत असतील तर बाकीच्यांच्या भल्यासाठी त्याला निरोप द्या. सहाव्या आठवड्यानंतर केळी दिसली तर नुसतं लक्ष ठेवा आणि वेळेवर कापा. या टप्प्यावर पाण्याचा फवारा नको. बोंडं घट्ट झालेली असतात, आत शिरलेलं पाणी वाळत नाही आणि राखाडी बुरशी लागते. इथल्या सप्टेंबरचं दवच त्यासाठी पुरेसं आहे, त्यात आपली भर कशाला? बियांनी पीक हलकं होतं. बुरशीने ते फेकावं लागतं.

टेंटमध्ये असा प्रकार झाला असेल तर पुढचं रोप लगेच आत ठेवू नका. भिंती, तळ, पंख्याची पाती, नळ्या ओल्या फडक्याने दोनदा पुसा, गाळणी बदला आणि आठवडाभर रिकामा ठेवा. कोरड्या हवेत पराग काही दिवस, कधी त्याहूनही जास्त जिवंत राहतो. त्या दिवशीचे कपडे थेट धुवायला टाका. बाहीवर बसलेला पराग कुणी मोजत नाही.

बाहेरून आलेल्या परागावर उपाय जवळपास नाही, हेही सांगून टाकतो. कॅनडात औद्योगिक हेंपची, म्हणजे धागा नि बियांसाठी लावायच्या, नशा न आणणाऱ्या वाणांची शेती १९९८ पासून कायदेशीर आहे आणि तिथे नर झाडं ठेवतातच, कारण त्यांना बी हवं असतं. पराग वाऱ्यावर किलोमीटरच्या हिशेबाने जातो. शेजाऱ्याने आपोआप फुलणाऱ्या वाणाचं साधं, फेमिनाइज्ड नसलेलं बी पेरलं असेल तर त्याचा नर जूनमध्येही फुलू शकतो, दिवस लहान व्हायची वाट बघत नाही. शेजाऱ्याशी कुंपणावरून मोकळेपणाने बोलणं हा एक उपाय. खेड्यात हेंपच्या शेताजवळ राहत असाल तर झाडं घरात घ्या, नाहीतर थोड्या बिया सोसा. कुंपणाला ताडपत्री बांधून वारा अडत नाही. तो वरून येतो.

राहता राहिल्या निघालेल्या बिया. 'फुकटचं बियाणं' म्हणून त्या जपून ठेवायचा मोह होतो. झाडाने स्वतःच स्वतःला पराग दिला असेल तर बिया बहुतेक मादी निघतील हे खरं, पण ज्या खोडीमुळे त्या जन्मल्या तीच घेऊन निघतील. बाहेरच्या नराच्या असतील तर साधारण निम्मे नर, आणि बाप कोण ते ठाऊक नाही. चारच झाडांची परवानगी असताना त्यातली एक जागा अशा बीवर घालवणं आम्हाला पटत नाही. चटणीला तर मुळीच वापरू नका. उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी करतात आणि दुकानात सोललेल्या हेंपबियाही मिळतात. पण राळेने माखलेल्या बोंडातून काढलेल्या बीच्या सालीवर तीच राळ असते, आणि जेवणाच्या टेबलावर मुलं असतात.

आणखी एक, जे फार थोड्यांना माहीत आहे. इथल्या कायद्यात एक उगवणक्षम बी हे एक ग्रॅम वाळलेल्या गांजाबरोबर धरलं जातं आणि सार्वजनिक जागी जवळ बाळगायची मर्यादा तीस ग्रॅम आहे. म्हणजे तीस बिया. चहाच्या एका चमच्यात शंभरावर सहज मावतात. मित्राला दाखवायला म्हणून छोट्या डबीत घालून गाडीने निघालात तर मर्यादा केव्हाच ओलांडली. सीमेपलीकडे न्यायचा तर विचारही नको, एक बी असलं तरी. न उगवणाऱ्या बीला हा कायदा लागू नाही, म्हणून नको असलेल्या बिया दहा मिनिटं उकळा आणि मगच ओल्या कचऱ्यात टाका. तशाच कंपोस्टमध्ये गेल्या तर मे महिन्यात वांग्याच्या वाफ्यात उगवतात, आणि उगवलेलं प्रत्येक रोप त्या चारांत मोजलं जातं.

आपले,
काही मराठी परसबागवाले
दक्षिण ओंटारियो, कॅनडा